छत्री उंच नको, घट्ट हवी

पावसाच्या जोरदार सरीत टीव्हीचं चित्र गेलं आणि सर ओसरल्यावर आपोआप परत आलं, तर घाबरण्याचं कारण नाही. घरगुती डिशकडे येणाऱ्या लहरी केयू बँडच्या असतात आणि मुसळधार पाऊस त्या शोषून घेतो. पण आभाळ कोरडं आहे, नुसता वारा सुटला आहे आणि तरी चित्राचे चौकोन चौकोन होऊन आवाज तुटतो आहे, अशा वेळी सेट टॉप बॉक्स बदलण्याच्या भरीला पडू नका. आधी डिशच्या छत्रीचा खांब तपासा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

हे मी शिकले ते 2020 च्या पावसाळ्यात. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून जवळ. 3 जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी 120 किलोमीटरपर्यंतचे झोत होते. आमच्याकडे माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले. आमच्या गच्चीवरची छत्री मात्र जागेवर उभी राहिली. वीज यायला बराच काळ लागला, पण आली, टीव्ही लागला आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. शाळा बंद होत्या, वाडीत मोबाइलला रेंज नव्हती. मुलं आमच्या पडवीत अंतर ठेवून बसायची आणि टीव्हीवरून शिकायची. वारा पडलेला असला की सगळं ठीक. वारा सुटला की ऐन गणित समजावताना चित्र गोठायचं. करमणुकीच्या मालिकेचा एखादा भाग चुकला तर मोठ्या माणसांचं काही अडत नाही. तिसरीतल्या मुलीचा पाठ अर्ध्यात तुटणं मला, जन्मभर शिकवलेल्या बाईला, सहन होईना. म्हणून मी या खांबाच्या मुळाशी गेले.

मुळाशी म्हणजे अक्षरशः. गावातल्या एका जाणत्या गवंड्याला बोलावलं. त्याने खांबाच्या पायाशी असलेल्या लोखंडी पट्टीभोवती तांब्याभर पाणी ओतलं आणि खांबाचा माथा हलकेच पुढे-मागे केला. पट्टीखाली पाणी आत ओढलं जात होतं आणि बुडबुडे येत होते. ही परीक्षा कुणालाही जमेल. डोळ्यांना न दिसणारी हालचाल पाणी लगेच दाखवतं. मग त्याने एक बोल्ट पान्याने फिरवला, तर तो गिट्टीसकट वर आला. त्याच्या आट्यांत लाल भुकटी अडकली होती. तो म्हणाला, “बाई, ह्यो बोल्ट सलॅबला लागलाच नाय. कोब्यातच हाय.”

या एका वाक्यात बहुतेक गच्च्यांवरच्या खांबांची कथा आली. आपल्याकडे सलॅबवर पाणी मुरू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात आणि वरून सिमेंटने घोटतात. पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार असतो, त्यामुळे पन्हाळीच्या तोंडाशी तो दोन-तीन इंच असला तरी दुसऱ्या टोकाला पाच-सहा इंचही भरतो. छत्री बसवायला आलेला माणूस दोन-अडीच इंचाची गिट्टी ठोकतो. वरून सगळं सिमेंटच दिसतं, पण बोल्ट पकडून बसलेला असतो तो विटांच्या तुकड्यांना. सुरुवातीला तो घट्ट लागतो, कारण पकड नवी असते. वारा रोज थोडं थोडं हलवतो, भोक रुंदावतं आणि एखाद्या वादळात ते पुरतं सैल होतं. शिवाय त्याच भोकांतून पाणी कोब्यात शिरतं. आमच्या माजघराच्या वरच्या भागात जो ओलावा धरला होता, तो वादळाचा समजून आम्ही सोडून दिला होता. तो या चार भोकांचा होता.

ड्रिल चालवताना भोकातून येणाऱ्या भुकटीकडे बघायची सवय लावा. लाल आली तर वीट किंवा चिरा, राखाडी आणि बारीक आली, यंत्रही जड चालू लागलं, तर काँक्रीट. प्रसरण पावणारा अँकर फास्टनर भोकाच्या बाजूंना दाबून पकड घेतो. ही पकड काँक्रीटमध्ये टिकते. वीट आणि चिरा त्या दाबाखाली चुरतात.

वाऱ्याचा जोर किती असतो हेही समजून घेण्यासारखं आहे. घरगुती छत्री साधारण 60 सेंटिमीटरची. ताशी 120 किलोमीटरच्या झोतात तिच्यावर सुमारे 25 किलोंचा दाब पडतो. आकडा लहान वाटतो, पण तो खांबाच्या माथ्यावर पडतो आणि खालच्या चार बोल्टांना तरफेसारखा उचकटतो. खांब जितका उंच, तितका हा जोर जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. केबलवाल्यांकडे असतात तशा सहा फुटी जाळीविरहित छत्रीवर त्याच झोतात दोनशे किलोंहून जास्त भार येतो, तिथे घरगुती उपाय करायला जाऊ नये, इंजिनिअरचा सल्लाच घ्यावा. आणि पडायची वाट बघायला नको, छत्री नुसती कलली तरी पुरतं. घरगुती छत्रीचा सिग्नल पकडण्याचा कोन जेमतेम तीन अंशांचा असतो, दीड अंश सरकली की सिग्नल अर्ध्यावर येतो. चार फुटी खांबाचा माथा सव्वा इंच झुकला की दीड अंश झाला.

आता मला ज्याबद्दल कळकळीने सांगायचं आहे ते. छत्री गच्चीवरच का लावायची? पूर्वीच्या अँटेनाला उंची लागायची, कारण दूरदर्शनचं केंद्र जमिनीवर होतं आणि त्याच्या मनोऱ्याशी अँटेनाची नजर भिडावी लागायची. तेव्हा लोक बांबूवर बांबू बांधत. तीच सवय छत्रीलाही लागली. पण उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर आहे. त्यात आपल्या दहा फुटांची भर काहीच नाही. उलट गच्चीवर वारा सर्वांत जास्त, आणि पकड सर्वांत कच्ची. छत्रीला हवं असतं फक्त तिच्या दिशेचं मोकळं आभाळ. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. कोकणातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर असतो. एवढा वर असल्यामुळे त्या बाजूचं झाड छत्रीपासून दहा फुटांवर असेल, तर छत्रीच्या पातळीपासून सोळा फूट उंचीपर्यंत ते आड येत नाही. वीस फुटांवरचा तीस फुटी माडही चालतो. इतर कंपन्यांचे उपग्रह थोडे इकडे-तिकडे आहेत, तरी आग्नेयेच्याच बाजूला. म्हणजे ज्याला अंगण किंवा परडं आहे, त्याने छत्री जमिनीवर आणावी, हे माझं स्पष्ट मत आहे. देखभालीला शिडीही लागत नाही.

आम्ही तेच केलं. पावसाने उघडीप दिल्यावर अंगणाच्या कडेला दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेतला. तळाशी खडी घातली, कारण पाइपाच्या आत साचणारं पाणी झिरपून जायला वाट हवी. सहा फुटी पाइप, दोन फूट जमिनीत आणि चार फूट वर. पाइपाच्या गाडायच्या टोकाला आरपार भोक पाडून सळईचा आडवा तुकडा घातला. सळई नसेल तर गोल पाइप काँक्रीटमध्ये कालांतराने स्वतःभोवती फिरू शकतो, आणि छत्रीची दिशा जाते. ही गोष्ट फार जण विसरतात. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी असं काँक्रीट घट्टसर कालवलं, ठोसून भरलं आणि जमिनीच्या वर चार बोटं आणून पाइपाभोवती बाहेरच्या बाजूला उतार दिला. काँक्रीट ओलं असतानाच ओळंबा लावायचा, आणि तोही दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात. एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो. सरळ झाला की दोन फळ्यांचे टेकू देऊन सोडून द्यायचा. सात दिवस गोणपाट भिजवून पाणी मारायचं आणि तोवर छत्री चढवायची नाही. इथे मुलांची घाई होती आणि माझीही, पण गवंड्याने ऐकलं नाही आणि ते बरं झालं.

खांब थोडा तिरपा राहिला तर छत्री फिरवून जुळवता येते, फक्त छत्रीच्या मोजपट्टीवरचे अंश खरे येत नाहीत. हलणारा खांब मात्र कशानेही जुळवता येत नाही.

पाइप घेताना रंगाची पट्टी बघा. जीआय पाइपावर पिवळी पट्टी म्हणजे हलका ए वर्ग, निळी म्हणजे मध्यम बी, लाल म्हणजे जड सी. समुद्राजवळ निळीच्या खाली उतरू नका. दीड इंची म्हणून मिळणाऱ्या पाइपाचा बाहेरचा व्यास 48 मिलिमीटर असतो, तेव्हा छत्रीचा क्लॅम्प आधी मोजा. वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा थर जळतो आणि खारी हवा नेमकी तिथूनच गंज धरते, म्हणून तिथे जस्तयुक्त रंग दोनदा द्यावा. पाइपाचं वरचं तोंड टोपणाने बंद करावं.

जुन्या जागेची भोकंही तशीच सोडायची नाहीत. पाऊस संपल्यावर आम्ही गिट्ट्या उपटल्या, भोकं थोडी रुंद करून स्वच्छ केली, न आकसणाऱ्या ग्राउटने भरली, वर वॉटरप्रूफिंगचा लेप दिला आणि एक दिवस-रात्र पाणी तुंबवून पाहिलं. माजघर कोरडं राहिलं.

ज्यांना अंगण नाही, त्यांनीही गच्चीच्या जमिनीला भोक पाडू नये. कठडा चार इंची विटांचा असेल तर त्याच्या माथ्यावर खांब उभारणं सर्वांत धोक्याचं, कारण वीटच निघून येते आणि ती खाली कुणाच्या डोक्यावर पडेल हे सांगता येत नाही. जिन्याच्या खोलीचा काँक्रीटचा कॉलम किंवा बीम शोधा आणि त्याच्या उभ्या अंगाला अँकर फास्टनर मारा, कडेपासून निदान चार इंच आत. चिऱ्याच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी द्या. हेही जमत नसेल तर दोन फूट लांब-रुंद आणि सहा इंच जाड काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यातच तीन फुटी खांब उभा करा. तो सुमारे 135 किलोंचा होतो आणि साठ सेंटिमीटरच्या छत्रीला वादळातही पुरतो. फक्त तो बीमवर येईल असा ठेवा, सलॅबच्या मधोमध नको. सोसायटीत राहत असाल तर त्याआधी परवानगी घ्या.

मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, पाण्याची ती परीक्षा एकदा करून बोल्ट कसावेत. खांबाला अर्थिंग असावं, आणि विजांचं वातावरण दिसलं की, विजा चमकू लागायच्या आधीच, सेट टॉप बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावीत.

एक मात्र हात जोडून सांगते. खांब हातातून सुटून आडवा पडला तर विजेच्या तारेपर्यंत पोचेल, इतकी तार जवळ असेल तर काम सुरूच करू नका. आधी महावितरणच्या शाखेत कळवा, लाइन बंद झाल्याची खात्री करून घ्या आणि मगच खांबाला हात लावा.