ब्लाउज बेतताना

शिवणकाम हा आपल्या कला शाखेचा विषय नव्हे. परंतु अर्थशास्त्राच्या तासाला ‘सरासरी’ शिकताना मला आठवला तो आईचा वर्तमानपत्रावर आखलेला ब्लाउजचा नमुना. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि माझी फी आईच्या शिलाई मशीनवर निघते. तेव्हा वाचकांनी हा विषय गोड मानून घ्यावा.

निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्याची कल्पना १८६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने रूढ केली. आपल्याकडे छातीच्या मापाचे भाग पाडून बाकीची मापे काढण्याची रीत रुळली आहे. छाती ३६ असली की चौथा भाग ९ इंच. त्यात थोडा सैलपणा आणि शिवणीची माया मिळवून पाठ व पुढा दोन्ही बेततात. घोटाळा येथेच होतो. टेप सबंध अंगाभोवती फिरते, पण त्या ३६ पैकी पाठीचे किती आणि पुढचे किती, हे ती सांगत नाही. कळंब-वाशीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची पाठ रुंद आणि दंड भरलेला असतो. बैठे काम करणारीचे मापही ३६ येईल, पण पहिलीचा ब्लाउज काखेच्या मागे उसवतो. जिच्याजवळ कामावर घालायला दोनच ब्लाउज आहेत, तिला हे नुकसान लहान नव्हे.

काखेत ओढते म्हटले की पुष्कळ ठिकाणी मुंढा आणखी खोल कापून देतात. हात खाली असेपर्यंत बरे वाटते. हात वर केला की मात्र सबंध ब्लाउज हाताबरोबर वर चढतो, कारण बगलेची शिवण अंगापासून दूर खाली गेलेली असते. मुंढा काखेलगत असला तरच हात मोकळा फिरतो. हे ऐकायला उलटे वाटेल, पण टँकरवरून डोक्यावर घागर आणणाऱ्या कोणत्याही बाईला विचारून पाहावे! ज्या खणाने आपण तुळजाभवानीची ओटी भरतो, त्या खणाच्या जुन्या चोळीत काखेला वेगळा तुकडा जोडलेला असे आणि पुढे गाठ असे. टेप नसतानाही ती अंगाला बसे.

आजच्या ब्लाउजला मात्र कागदावरच दुरुस्ती करावी लागते. आई पाठीची रुंदी दोनदा घेते, एकदा उभे राहून आणि एकदा दोन्ही हात पुढे करून. आमच्या शेजारच्या एका काकूंची ही मापे १४ आणि १५॥ आली. सगळा दीड इंच देता येत नाही, पाठ लोंबेल. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच पुरतो. त्यासाठी पाठीचा कागद खांद्याच्या मध्यापासून सरळ खाली मुंढ्याच्या तळापर्यंत आणि तेथून आडवा बगलेपर्यंत कापायचा. मुंढ्याचा सुटा तुकडा अर्धा इंच बाहेर सरकवून चिकटवायचा आणि बगलेची रेघ खालपर्यंत नव्याने जुळवायची. वाढलेला खांदा छोट्या टक्समध्ये घ्यायचा. तेवढेच माप पुढ्याच्या बगलेतून कमी करायचे, नाहीतर ३६ चे ३७ होते. बाहीलाही दंडाजवळ रुंदी द्यावी लागते. मात्र तिचा घेर मुंढ्याच्या घेराशी जुळला पाहिजे.

पाठीला बाक असेल तर पाठ रुंद करून भागत नाही, कारण तेथे लांबी कमी पडत असते. अशा वेळी पाठीच्या मध्यापासून मुंढ्याकडे आडवे कापून कागद मध्याकडे अर्धा इंच उघडायचा, मुंढ्याच्या टोकाला तो जुळलेलाच ठेवायचा.

ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउजपीस एकदा चुकीचा कापला की पुन्हा बेतता येत नाही. म्हणून आई आधी जुन्या धोतराच्या कापडाचा धावदोऱ्याने कच्चा ब्लाउज शिवते. तो घालून बाईने हात पुढे करायचे, वाकायचे, ज्वारी काढल्यासारखे करायचे. काखेपासून काखेपर्यंत आडव्या ताणलेल्या सुरकुत्या दिसल्या तर रुंदी अजून कमी. मागची कड वर चढली तर लांबी कमी. ही परीक्षा आई घरात घेत नाही, अंगणात घेते, कारण मशीनपाशी वाकायला जागाच नसते.