थंड प्लाझ्मा जखमेवर धरण्याआधी

परभणीत राहून मी थंड प्लाझ्माच्या उपकरणांची रचना करते. उच्च दाबाच्या विजेने वायू उजळतो. त्यातले इलेक्ट्रॉन प्रचंड तापलेले असतात, पण वायू मात्र हाताला सोसेल इतकाच कोमट राहतो. जर्मनीत बनलेल्या अशा उपकरणांना २०१३ साली युरोपात वैद्यकीय वापराची मान्यता मिळाली. मधुमेहाने चिघळलेले पाय आपल्याकडेही कमी नाहीत, म्हणून हे काम मला जवळचं वाटतं.

१. अर्थिंगच्या भरवशावर राहायचं नाही. इथली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते. पुरलेल्या अर्थिंगभोवतीची माती सुकून सुटते, रोध वाढतो. दवाखान्याच्या भिंतीवर तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या पिनेमागे काय आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्वचेला लागणाऱ्या बीएफ प्रकारच्या उपकरणातून रुग्णाच्या अंगात जाणारा गळतीचा प्रवाह एरवी १०० मायक्रोअँपिअरच्या आत हवा, आणि एखादा बिघाड झाला तरी ५०० च्या आत. आयईसी ६०६०१ या मानकाने घालून दिलेली ही मर्यादा आहे. (प्लाझ्माचा स्वतःचा उच्च वारंवारितेचा प्रवाह वेगळा मोजावा लागतो.) म्हणून माझी रचना बॅटरीवर चालते, आणि चार्जर लावलेला असेल तर प्लाझ्मा पेटतच नाही. लाइट गेली तरी ड्रेसिंग अडत नाही, हा वरचा फायदा. शेतीपंप बंद झाल्यावर लाइनचा दाब एकदम चढतो, त्याचा धक्काही जखमेपर्यंत पोचत नाही.

२. अंतर हातावर सोपवायचं नाही. सिरॅमिकने झाकलेला इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यात एक-दोन मिलिमीटरचीच फट असते. जखमेचे काठ उंचसखल असतात; उंचवट्यावर ठिणग्यांचे धागे गोळा होतात आणि तेवढीच जागा भाजू शकते. ओपीडीत रांग लागलेली असताना सिस्टरने मिलिमीटर सांभाळत बसावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. टोकाला पक्की कडी बसवली की अंतर आपोआप राखलं जातं. जखमेतलं पाणी आधी टिपून घ्यावं, कारण ओलाव्याचा जाड थर असेल तर प्लाझ्मातले घटक त्यातच अडकतात.

३. सिरॅमिकला केसाएवढा तडा गेला तरी प्रवाहाला लगाम राहत नाही. प्रत्येक रुग्णाआधी टोक धातूच्या पट्टीवर धरून तपासणी करायची. प्रवाह उसळला तर मशीन स्वतःच बंद राहिलं पाहिजे.

४. वेळ मशीनने मोजावा. ऑक्सिजन आणि नायट्रोजनपासून बनलेले जे क्रियाशील घटक जंतू मारतात, तेच प्रमाणाबाहेर गेले तर नव्याने भरून येणाऱ्या पेशीही मारतात. आर्गॉनवर चालणाऱ्या जर्मन उपकरणात एका चौरस सेंटिमीटरला साधारण मिनिटभर उपचार देतात. नातेवाईक काकुळतीला येऊन म्हणतात, “मॅडम, अजून थोडं धरा ना.” त्यांची कळकळ खरी असते, तरीही ठरलेला वेळ संपला की प्लाझ्मा विझलाच पाहिजे. तेवढ्याच जागेवर लगेच पुन्हा सुरू करता येऊ नये, हेही मी सॉफ्टवेअरमध्ये पक्कं करते.

५. हवेत पेटणारा प्लाझ्मा ओझोन तयार करतो. दिवसभर त्या खोलीत काम करणाऱ्यांसाठी ०.१ पीपीएम ही प्रचलित मर्यादा आहे, आणि रुग्ण जातो पण सिस्टर तिथेच असते. त्यामुळे टोकाजवळच हवा ओढून घेणारा छोटा पंखा आणि कोळशाचा फिल्टर लागतो. दमट हवेत ओझोन कमी होतो आणि घटकांचं मिश्रणही बदलतं, म्हणून वैशाखात जुळवलेलं सेटिंग श्रावणात पुन्हा तपासल्याशिवाय मी ते उपकरण दवाखान्यात पाठवत नाही.