विसरणारं मूल, अपस्मार आणि मेंदूला बाहेरून चालना



काल पाठ केलेली कविता एखादा मुलगा आज विसरतो. आपण पटकन म्हणतो, "लक्ष कुठंय तुझं?" पण त्याला अपस्मार, म्हणजे फिट किंवा आकडी येण्याचा आजार असेल तर? जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे.

विसरायला का होतं?
मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकदम, ताळतंत्र सोडून संदेश पाठवू लागतात. कानशिलाच्या आत हिप्पोकॅम्पस हा भाग असतो. नव्या आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा. गडबड तिथेच असेल तर स्मरणशक्तीला फटका बसतो. शिवाय काही औषधांची सुस्ती, अपुरी झोप आणि मनातली भीती असतेच.

बाहेरून चालना म्हणजे काय?
यात डोक्याची शस्त्रक्रिया करत नाहीत. दोन पद्धती मुख्य आहेत.

१) चुंबकीय चालना : १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी ही दाखवली. डोक्यावर तारेचं वेटोळं धरतात. त्यातलं चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदललं, की आतल्या पेशींत वीजप्रवाह निर्माण होतो. दहावीत शिकलेलं फॅरेडेचं विद्युत चुंबकीय प्रवर्तन ते हेच, बरं का!

२) सौम्य विद्युतधारा : ओल्या स्पंजांमधून साधारण १ ते २ मिलिअँपिअर धारा सोडतात. तिच्यामुळे पेशी संदेश पाठवायला थोड्या अधिक किंवा थोड्या कमी तयार होतात.

मग अडचण कुठे?
आधीच जिथे वादळ उठतं, तिथे चालना द्यायची कशी? चुंबकीय चालनेनं क्वचित फिट येऊ शकते. म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते. अपस्मारात आजवरचे बरेच प्रयोग फिट कमी करण्यासाठी झाले. स्मरणशक्तीसाठीचे थोडे आणि लहान आहेत. त्यामुळे आशा आहे, पण हा अजून सिद्ध झालेला उपचार नाही. यंत्र विकत आणून घरी प्रयोग करू नका आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या तर मुळीच बंद करू नका.

तोवर आपण काय करायचं?
अशा मुलाला लिहून दिलेली टिपणं, थोडा जास्त वेळ आणि पुन्हा विचारण्याची मोकळीक द्यायची. त्याला यंत्र लागत नाही. आणि "आळशी" हा शब्द जपून वापरायचा. ते मूल विसरतं, पण आपलं बोलणं त्याला लागतंच.