लॅपटॉप तापतोय? आधी टेबलावर ठेवून बघा

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र हॉस्टेलमधल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मी बरेच दिवस टाळाटाळ केली आणि शेवटी विंडोज ११ टाकलं. त्याच रात्री लॅपटॉप इस्त्रीसारखा तापला. पंखा तर असा घोंघावत होता की रूम पार्टनर म्हणाली, "अगं, हा उडणार आता!"

अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं. टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. माझ्याकडे इंडेक्सिंग चालू होतं, म्हणजे सर्चसाठी सगळ्या फायलींची यादी बनत होती. अपग्रेडनंतर हे होतंच, घाबरायचं नाही. मी चार्जर लावून रात्रभर चालू ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पंखा शांत झाला. (ती रात्र आता आठवली की अंगावर काटा येतो, कारण पुढे सांगते.)

बॅटरी मात्र सव्वा तासात संपायची. साहजिकच मी अपग्रेडला शिव्या घातल्या. जुन्या विंडोजवर परत जायची सोय फक्त १० दिवस असते आणि माझा आठवा दिवस होता. त्यात सेमिनार रिपोर्ट तोंडावर!

लॅबमधले काका म्हणाले, "आधी मोज, मग काय ते ठरव." कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाईप करायचं (अर्थात इंग्रजी अक्षरांत). एक फाईल तयार होते, ती कुठे आहे तेही तिथेच लिहून येतं. तिच्यात दोन आकडे बघायचे, डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. माझे निघाले ४१,००० आणि २२,१४० मिलीवॅट-अवर. म्हणजे ५४ टक्के. आठ दिवसांत बॅटरी एवढी उतरत नाही! खरं म्हणजे अडीच वर्षं मी चार्जर काढतच नव्हते, त्यामुळे बॅटरी किती टिकते हे मला माहीतच नव्हतं. सतत १०० टक्के चार्ज आणि वर गादीवर ठेवल्यामुळे कोंडलेली उष्णता, लिथियम-आयन बॅटरी या दोन्हींनी लवकर म्हातारी होते.

मी सहज म्हटलं, "काका, टचपॅडचं क्लिकही अडकतंय, ड्रायव्हर गेला असेल." त्यांनी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. तो डुगडुगला. "चार्जर लावू नकोस. बॅटरी फुगलीये."

आतल्या वायूने बॅटरी फुगते आणि टचपॅडला खालून ढकलते. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि स्वतः उचकटायचीही नाही, आग लागू शकते. दुकानात नवीन बसवली. पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा बसला होता, तोही निघाला. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-वेस्टला दिली. विंडोज ११ तेच आहे आणि चार्जिंगची मर्यादा आता ८० टक्के ठेवलीये (ही सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, सेटिंगमध्ये शोधा).

त्या रात्री आमच्या विंगमधल्या सगळ्या जणी मेसच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बघत होत्या. अजून दोन डुगडुगले.