सुटी, सहल आणि वारी

गेल्या माघात करमाड येथे सप्ताहात कीर्तनसेवेचा योग आला. कीर्तन आटोपले, बुक्का लावून झाला, आणि चार-पाच तरुण पुढे आले. शेंद्र्याच्या कारखान्यांत नोकरीस असलेली ही मुले. त्यांतील एकाने नमस्कार करून विचारले, "बुवा, नाथषष्ठीला तीन दिवसांची सुटी मिळतीय. करमाडहून पैठणला पायी जावं म्हणतो. पण घरचे म्हातारे म्हणतात, ही तुमची सहल, ही काही वारी नव्हे. मग आम्ही जावं का नाही?"

रात्र फार झाली होती, म्हणून "जा" एवढेच सांगितले. परंतु प्रश्न एका शब्दाने सुटण्यासारखा नव्हता. तोच येथे पाठ म्हणून मांडीत आहो.

शब्दांचा विचार

आधी शब्द पाहू. 'सुटी' हा शब्द 'सुटणे' यातून आला. औताचा बैल सुटतो, शाळा सुटते, तसा कामकरी माणूस कामातून सुटतो. सुटण्यात दोष नाही. आपला परमार्थही शेवटी सुटण्याचाच आहे. पण सुटलेला बैल कोठे जातो, हे पाहावे लागते. गोठ्याकडे गेला तर ठीक, दुसऱ्याच्या पिकात शिरला तर दावे पुन्हा गळ्यात!

'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरणे या धातूपासून झाला. नदी जेथे उतरून जाता येते ती जागा, म्हणजे उतार, हा त्याचा जुना अर्थ. म्हणून तीर्थाला जाणे म्हणजे अलीकडचा काठ सोडून पलीकडे जाणे. अंगावरची धूळ झटकून जसा गेला तसाच जो परत आला, त्याने नुसता गाव पाहिला.

आणि 'वारी'? वार म्हणजे खेप, पाळी. पुनःपुन्हा नेमाने जी खेप करावयाची ती वारी. या अर्थाने पाहता घरच्या म्हाताऱ्यांचे बोलणे अगदीच चूक नाही. एकदा हौसेने चालून आले म्हणजे कोणी वारकरी होत नाही. परंतु दुसरी खेप पहिलीवाचून कशी होणार? पुढल्या षष्ठीला पुन्हा येईन असे ज्याच्या मनात वाटेतच ठरले, त्याची पहिली खेपही वारीतच जमा होते.

वाटेचा विचार

करमाड जालन्याच्या रस्त्यावर, पैठण दक्षिणेला. पिंप्रीराजा, आडूळ या बाजूने गेले तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे सोळा-सतरा कोसांची चाल. तीन दिवसांत सावकाश होते. फाल्गुनात ज्वारीची काढणी चाललेली असते, आडूळच्या पुढे मोसंबीच्या बागा लागतात, आणि ऊन चढू लागलेले असते.

या मुलखाला पायी चालणे नाथांनीच शिकविले. संप्रदाय सांगतो की, कोवळ्या वयात नाथ पैठणहून एकटे निघाले आणि देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पायाशी पोचले. फाल्गुन वद्य षष्ठी ही तिथी त्या गुरुशिष्यांचीच आहे. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, नाथांची व त्यांची भेट, स्वामींचे निर्याण आणि नाथांची गोदावरीतील जलसमाधी, अशी पाच पर्वे परंपरा या एका दिवशी मानते. पुढे ज्येष्ठ वद्य सप्तमीस नाथांची पालखी पैठणहून निघते, रायमोहा, खर्डा, परांडा, करकंब असे करीत आषाढ शुद्ध दशमीस पंढरीत पोचते. ती वारी अठरा-एकोणीस दिवसांची. ज्यांना एवढी सुटी नाही, त्यांना षष्ठीच्या तीन दिवसांत तिचा श्रीगणेशा करता येतो.

चालीचा विचार

आता पाठाचे मर्म. सहलीचा माणूस पाय उचलतो तो आपल्या बळाने. पुढे कोण, मागे कोण, याचे त्याला देणेघेणे नाही. दिंडीचे तसे नाही. पुढे पताका, मग टाळकरी, त्यांत मृदंग, त्यांच्या मागे विणेकरी, आणि त्यांच्याही मागे डोईवर तुळस घेतलेल्या आयाबाया. वीणा मागे आहे, हे ध्यानात घ्या. पुढचा कितीही तरणाबांड असो, त्याला वीणा सोडून पळता येत नाही. दिंडीची चाल मागून ठरते. जो सर्वांत हळू चालतो, तो सर्वांची चाल ठरवितो.

नाथांची काशीच्या कावडीची कथा सर्वांना ठाऊक आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी गंगोदक आणले, वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी ते जल त्याच्या मुखात घातले. या कथेवर आम्ही कितीदा निरूपण केले असेल, याची गणती नाही. पण ती आम्हाला कळली कशी, ते सांगतो. सांगताना आजही लाज वाटते.

तेव्हा आम्ही चाळिशीत होतो. षष्ठीच्या दिंडीत पायी चाललो होतो, आणि पैठणला रात्री आमचे कीर्तन ठरलेले. वेळेवर पोचण्याची घाई. दुपारी आमच्याच दिंडीतला एक वृद्ध टाळकरी लिंबाखाली बसला. टाचा भेगाळून रक्त आलेले. तो म्हणाला, "बुवा, घटकाभर थांबता का?" आम्ही म्हणालो, "बाबा, मागून सामानाची गाडी येतीय, तीत बसा." आणि चालू लागलो.

रात्री कीर्तनाला उभे राहिलो. कावडीचीच कथा लावली होती. गाढवाची तहान वर्णन करीत असता मंडपाच्या टोकाला तोच म्हातारा दिसला. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. गाडीत बसला नव्हता, चालतच आला होता. त्याने टाळ काढला आणि धरला. आमचा शब्द घशातच राहिला. मृदंगवाल्याला वाटले, बुवा रंगले. आम्हाला ठाऊक होते की कावड आमच्या खांद्यावर तशीच भरलेली राहिली. कीर्तनानंतर तो पाया पडायला आला आणि एवढेच म्हणाला, "पोचलो बरं का, बुवा." आम्ही क्षमा मागायला हवी होती. लोकांसमोर जीभ उचलली नाही. पुढच्या षष्ठीस तो दिंडीत आला नाही. वारला, असे कळले.

तेव्हापासून आम्ही दिंडीत वीणेच्याही मागे चालतो.

आचाराचा विचार

म्हणून करमाडच्या मुलांनो, तुम्ही जरूर जा. सुटीत जाता म्हणून वारी उणी होत नाही. फक्त एवढे पाळा :

१. पहाटे काकडा करून निघावे, उन्हाच्या आत मोठा टप्पा आटोपावा. दुपारी सावलीत विसावा, सायंकाळी हरिपाठ.

२. मोठ्या रस्त्यावर अंधारात चालू नये. चालणे भागच पडले तर पताकेस चमकणारी पट्टी आणि हातात दिवा असावा.

३. जुनी, पायाला बसलेली पादत्राणे घालावी. फोड आल्यास लपवू नये.

४. ज्या गावी मुक्काम, तेथील पाणी जपून वापरावे. मराठवाड्यात फाल्गुनातला हंडा सोन्याचा असतो. निघताना जागा झाडून निघावे.

५. रोज एकाने मागे चालण्याची पाळी घ्यावी. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. हा नियम मोडला तर बाकीचे चार पाळूनही उपयोग नाही.

पैठणला पोचल्यावर गावातल्या नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने जो भरला, तोच हा, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी ओततात. तुम्हीही एक घागर ओता. रांजण कोणाच्या घागरीने भरला, हे तेथे कोणी सांगू शकत नाही, विचारीतही नाही.

मननासाठी प्रश्न

१. 'वार' या शब्दाचा अर्थ ध्यानी घेता, पहिली खेप केव्हा वारी होते?

२. दिंडीत वीणा मागे का असते?

३. आपल्या घरात, शेतात, कामाच्या जागी सर्वांत मागे कोण चालतो आहे? त्याच्यासाठी आपण शेवटचे केव्हा थांबलो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यास सांगू नये. चालता चालता स्वतःसच द्यावे. रामकृष्णहरी!