भोर घाट राहिला, बार्शी झाली

दिवाळीच्या आठवडाभर आधी सोसायटीतली मुलं मातीची पोती ओढत आणतात. विटा, दगड, गोणपाट, चिखल. कुणी बुरूज थापतं, कुणी उतारावर अळीव पेरतं, कुणी मागच्या वर्षीच्या मावळ्यांना नवा रंग देतं. वसुबारसेच्या संध्याकाळी किल्ला उभा असतो. बुरूज जरा कललेला असतो, वाघ आणि मावळा एकाच उंचीचे असतात, पण किल्ला पुरा होतो. दर वर्षी होतो.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर प्रस्तुत लेखकाची छोटी रेल्वे तीन वर्षं अर्धवट पडून होती. हौस दांडगी होती, वाचन भरपूर होतं, सामान तर गरजेपेक्षा जास्त होतं. तरीही गाडी या टोकाहून त्या टोकाला एकदाही बिनअडथळा गेली नाही. किल्ला करणारी मुलं जिन्यात विचारायची, "काका, गाडी कधी सुरू होणार?" पहिल्या वर्षी या प्रश्नाला उत्साहानं उत्तर दिलं जाई. दुसऱ्या वर्षी "चाललंय" एवढंच. तिसऱ्या वर्षी मुलांनी विचारणंच सोडलं. हा लेख त्या तीन वर्षांबद्दल आहे, आणि त्यानंतर पाच महिन्यांत पुऱ्या झालेल्या एका लहानशा फळीबद्दल.

पहिली चूक मापाची. लहानपणापासून खिडकीत बसून पाहिलेला भोर घाटच करायचा, असं ठरलं. १८६३ साली सुरू झालेला घाट, १:३७ चा चढ, एकामागून एक बोगदे, गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं. रेल्वेवेड्या माणसाला आणखी काय हवं? प्लायचा अख्खा तक्ता आठ बाय चार फुटांचा मिळतो, म्हणून रेल्वेही आठ बाय चारची. गणित नंतर मांडलं गेलं, ते आधी मांडायला हवं होतं. या छंदात सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. कर्जत ते लोणावळा अंतर सुमारे २८ किलोमीटर. एचओमध्ये ते ३२० मीटरच्या वर जातं. प्लायच्या २४४ सेंटिमीटरमध्ये खऱ्या घाटाचे जेमतेम २१२ मीटर मावतात. चोवीस एलएचबी डब्यांची गाडी या प्रमाणात साडेसहा मीटरची होते. म्हणजे गाडीच फळीच्या अडीचपटीहून लांब.

चढाचं तेच. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा तर मध्ये निदान ८ सेंटिमीटर उंची लागते, आणि १:३७ च्या चढानं तेवढं वर जायला जवळजवळ ३ मीटर धाव हवी. तेवढी धाव नव्हती म्हणून चढ दुप्पट उभा झाला आणि इंजिन तीन डबे घेऊन निम्म्यावर जागच्या जागी चाकं फिरवू लागलं. त्यात फळीचा एक लांब काठ भिंतीला टेकलेला. माणसाचा हात पाऊण मीटर पोचतो, फळीची रुंदी होती सव्वा मीटर, आणि सगळे बोगदे भिंतीकडे. बोगद्यात डबा घसरला की डोंगर उचलावा लागे.

वायरिंगचा धडा जास्त महाग पडला. खंडाळ्याच्या टोकाला गाडी वळून परत यावी म्हणून मोठा वळसा आखला होता. साध्या डीसी पद्धतीत गाडीला १२ व्होल्टपर्यंत वीज रुळांतूनच मिळते. एक रूळ धन, दुसरा ऋण. वळसा घेऊन मार्ग स्वतःलाच येऊन मिळतो तिथे डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. म्हणून वळशाच्या दोन्ही टोकांना रुळांत फट ठेवावी लागते आणि तेवढ्या भागाची वीज वेगळ्या स्विचनं उलटवावी लागते. पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पण चार रात्री जागून सगळे रूळ बसवले, खडी फेविकॉलनं पक्की केली, आणि वीज सोडली ती त्यानंतर. पहिल्याच क्षणी कंट्रोलरचा लाल दिवा लागला. दोष शोधायला वाळलेली खडी पटाशीनं खरवडावी लागली, त्यात गाडीचा मार्ग बदलणारे दोन सांधे मोडले.

मग थर्माकोलचा डोंगर. हिरवा रंग लवकर बसावा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे मारला. त्यातलं द्रावक थर्माकोल खातं. दहा मिनिटांत नागफणीच्या सुळक्याला खड्डे पडले. थर्माकोलवर आधी फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राचे दोन थर चढवायचे, ते वाळले की पोस्टर कलर किंवा पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग द्यायचा. गणपतीची आरास करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं. त्यांना विचारायला हवं होतं.

उरलंसुरलं काम पावसाळ्यानं केलं. खाली चौकट न घातलेल्या, कडांना रंग न दिलेल्या प्लायला जुलैत बाक आला. मधले रूळ उचलले गेले, जोड सुटले, पृष्ठभागावर काळपट थर चढला.

इतकं सगळं झालं तरी छंद यातल्या एकाही अपघातानं थांबला नाही. तो थांबला तो अगदी साध्या कारणानं, आणि हेच इथे सविस्तर सांगायचं आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर फळीसमोर उभं राहिलं की आज नेमकं काय करायचं ते समजत नसे. सांधा बदलायचा तर आधी वायर शोधायची; वायर शोधायची तर फळी उभी करायची; फळी उभी करायची तर वरचे डोंगर काढायचे. प्रत्येक कामाच्या पोटात तीन कामं. अर्धा तास हातात असलेला माणूस तिथे काहीही करू शकत नव्हता. मग त्या अर्ध्या तासात सामान मागवलं जाई. नवा सिग्नल, नवा डबा, झाडांचं पाकीट. खरेदी झाली की काम पुढे सरकल्याचं समाधान मिळतं आणि ते समाधान खोटं असतं. तिसऱ्या वर्षाअखेर कपाटात एकवीस डबे होते आणि त्यांना चालायला सलग दीड मीटर रूळ नव्हता. शेवटी प्लाय भंगारवाल्याला गेला. डबे माळ्यावर गेले.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. छंद सोडल्यावर वर्षभरानं प्रस्तुत लेखक भाच्याला घेऊन तिथे गेला. भाचा एका जागेवरून हलेना. तिथे एवढ्या गाड्या, एवढे सिग्नल, अख्खं शहर. पण तो पंधरा मिनिटं एका कोपऱ्याकडेच पाहत उभा होता. बाकीचं सगळं नसतं तरी त्याला चाललं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. परतताना बसमध्ये बसूनच वहीत एक आयत काढला गेला: १२० बाय ३० सेंटिमीटर.

एवढ्या जागेत काय मावतं, याचं उत्तर या छंदातल्या लोकांनी फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. कार्ल आरेन्ड्ट या अमेरिकन छांदिष्टानं चार चौरस फुटांहून लहान रेल्वेची एक शाखाच लोकप्रिय केली. इंग्लंडच्या ॲलन राइट यांची 'इंगलनुक सायडिंग्ज' ही रचना तर केवळ दोन सांध्यांची. तीन सायडिंगं, एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानंच गाडी जोडायची. हिशेब केला तर असे ६,७२० क्रम होतात. दोन सांधे, एक इंजिन, आणि जन्मभर पुरेल एवढं शंटिंग.

राहिला प्रश्न कुठली रेल्वे करायची. इथे मापानं या वेळी साथ दिली. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा, पण एचओचा बाजारी रूळ साडेसोळाचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजवरून आला. जाणत्या डोळ्याला आपली गाडी त्यावर अरुंद पायांची दिसते. उलट अडीच फुटी नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर, याच प्रमाणात ८.७६ मिलिमीटर होतो. आणि एन गेजचा ९ मिलिमीटर रूळ सहज मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक. महाराष्ट्रात या गेजचं थोर नाव म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली ती आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला पोचली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. लेखकाच्या आईचं माहेर बार्शीचं. लहानपणी त्या गाडीनं ती पंढरीला गेली होती. बोगदा नको, घाट नको. सपाट माळ, एक लिंब, एक कौलारू स्टेशन, मालधक्का आणि सरकीची पोती. मन लागायला एवढं पुरे झालं.

या वेळी कामाचा क्रम उलटा होता. १२ मिलिमीटरचा प्लाय, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, सहाही बाजूंना प्राइमर. रूळ आधी फक्त टाचण्यांनी रोवले, वीज जोडली आणि पहिल्याच रविवारी इंजिन चाललं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर दिली, जोडपट्टीवर भरवसा ठेवला नाही. छोटं इंजिन सांध्याच्या मधल्या प्लॅस्टिकवर अडतं, म्हणून त्या भागाला धातूचा तुकडा असलेले सांधे निवडले. पंधरा दिवस नुसतं शंटिंग केलं. डबे घसरत होते त्या जागा पेन्सिलनं खुणावल्या, दुरुस्त केल्या. खडी पडली ती त्यानंतर. घरात चालती गाडी असली की आपोआप हात तिकडे जातो, आणि ज्यांना यात पडायचं आहे त्यांनी निदान एवढी गोष्ट तरी पाळावीच: रोवलेल्या रुळावर गाडी महिनाभर नीट चालल्याशिवाय गोंदाची बाटली उघडू नये.

दुसरी गोष्ट, सबंध फळीवर थोडं थोडं काम न करता एकच वीतभर कोपरा पूर्ण केला. मालधक्क्याचा. चाळलेली वाळू, चहाच्या चोथ्याची माती, रंगवलेल्या भुशाचं गवत, सनबोर्डाच्या भिंती, खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची कौलं, १९ मिलिमीटर उंचीचा हमाल. बाकी फळी उघडीबोडकी होती, पण त्या कोपऱ्याकडे पाहिलं की शेवटी सगळं कसं दिसणार ते कळत होतं. कंटाळा आला की तिथे जाऊन बसायचं.

वहीचा उपयोग सगळ्यात मोठा झाला. रोज काम थांबवताना उद्याचं एकच काम लिहायचं, वीस मिनिटांत होईल असं. 'फलाटाच्या कडेला पांढरा पट्टा.' 'दोन वाघिणींना गंज.' 'सिग्नलची वायर लाल करणे.' सामान एका डब्यात, डबा फळीखाली. शोधाशोधीत संध्याकाळ गेली नाही. आणि जोवर वहीत काम लिहिलेलं आहे तोवर खरेदी बंद.

तरी जुलैत उत्साह ओसरलाच. पाऊस, ऑफिसातली घाई, आठ दिवस हात लागला नाही. तेव्हा बायकोनं सुचवलं, "अहो, यंदा गणपतीपुढे हीच आरास ठेवू या की." तारीख पंचांगात छापलेली होती, ती पुढे ढकलता येणार नव्हती, आणि पाहायला पन्नास माणसं घरी येणार होती. दिवाळीचा किल्ला पुरा का होतो, ते त्या क्षणी समजलं. किल्ला लहान असतो, त्याला ठरलेला दिवस असतो, आणि तो पाहायला शेजारपाजार येतो. तीन वर्षं नेमक्या याच तीन गोष्टी नव्हत्या.

मोठी कामंही अशीच उभी राहतात. हॅम्बुर्गचं 'मिनिएचर वुंडरलँड' ब्राउन बंधूंनी २००१ च्या ऑगस्टमध्ये उघडलं तेव्हा त्यात मोजकेच विभाग होते. लोक येऊ लागले आणि बाकीचे पुढे एकेक करून जोडले गेले, अजून जोडले जात आहेत. कॅलिफोर्नियाच्या जॉन ॲलन यांची छोटी रेल्वे जगभर गाजली, पण त्यांची सुरुवातीची रेल्वे एका मेजाएवढीच होती आणि पुढच्या मोठ्या रचनेत त्यांनी ती तशीच सामावून घेतली. अशा लोकांच्या तिसाव्या वर्षाची छायाचित्रं पाहून आपल्या तिसऱ्या महिन्याचं मोजमाप करण्यात बराच उत्साह वाया जातो. लेखकाचाही गेला.

गणेश चतुर्थीला सकाळी मखरासमोर गाडी सुरू झाली. रूळ आदल्या रात्री आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले होते. दहा दिवसांत ती दोनदा अडली, दोन्ही वेळा रुळावर पडलेल्या गुलालामुळे. जिन्यातली मुलं येऊन बसली आणि चिठ्ठ्या टाकून वाघिणी लावू लागली; शेवटी त्यांना जेवायला घरी बोलवावं लागे. आईनं चष्मा लावून खूप वेळ पाहिलं. म्हणाली, "सगळं आहे रे. लिंबाखाली पाण्याचा रांजण असायचा, तो नाही." त्याच रात्री मातीच्या रंगाचा एक मणी चिकटवला गेला.

ज्यांच्या माळ्यावर अशीच एखादी रेल्वे कागदात गुंडाळून ठेवलेली असेल, त्यांनी ती या रविवारी खाली काढावी. सगळी नको. मीटरभर रूळ आणि एक इंजिन घ्यावं, रूळ पुसावा, दोन वायरी जोडाव्यात आणि घरातल्या कुणाला तरी हाक मारून गाडी चालवून दाखवावी.