ई-बिल आले, माल आला का?



ऊस काट्यावर गेला की आपल्या हातात वजनपावती येते. पुढे पंधरवड्याचे बिल निघाले की आपण ती पावती आणि बिल शेजारी ठेवून बघतो. टन जुळले, दर जुळला, कपात बरोबर निघाली, म्हणजे मनाचे समाधान. हा हिशेब सभासदाला कोणी शिकवावा लागत नाही.

पण कारखाना स्वतः गिऱ्हाईक असतो तेव्हा काय होते? साखरेची पोती, चुना, गंधक, मिलचे सुटे भाग, तसेच ऊस विकास विभागामार्फत सभासदांना दिली जाणारी खते व तणनाशके हा सारा माल बाहेरून येतो. त्याची बिले आता संगणकावरून येतात. ती कशी तपासायची असतात याची माहिती प्रत्येक सभासदाला असावी, म्हणून हा लेख. या बिलांत चूक राहिली तर तिची भरपाई शेवटी उसाच्या पैशातूनच होते.

१. ई-बिल म्हणजे काय?

बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला किंवा पीडीएफ ईमेलने धाडली, तर ते ई-बिल होत नाही. तो नुसता कागदाचा फोटो झाला. खरे ई-बिल, ज्याला ई-इनव्हॉइस म्हणतात, ते असे तयार होते. पुरवठादार आपल्या संगणकात बिल करतो. त्यातला तपशील सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यात नोंदणी पोर्टलवर जातो. विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, माल व रक्कम हे नमुन्याप्रमाणे आहे का, आणि तेच बिल पूर्वी नोंदले गेले आहे का, हे पोर्टल तपासते. मग ६४ अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. त्याला आयआरएन म्हणतात. सोबत पोर्टलच्या डिजिटल सहीचा क्यूआर कोड येतो. तो सरकारी ॲपने तपासता येतो. कोडातली रक्कम आणि कागदावरची रक्कम वेगळी निघाली तर समजावे की कागदात कोणीतरी हात घातला आहे.

२. सक्ती कोणाला?

जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. ई-बिलाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली, तीही फक्त ५०० कोटींवर वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत गेली. १ ऑक्टोबर २०२२ ला ती १० कोटींवर आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. २०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर सक्ती लागू होते. बँका, विमा कंपन्या, मालवाहतूक एजन्सी अशा काहींना सूट आहे. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरील उलाढालीच्या व्यापाऱ्याने बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत नोंदणी केलीच पाहिजे. मुदत टळली की पोर्टल ते बिल घेत नाही. ज्याला सक्ती आहे त्याने आयआरएन नसलेले बिल दिले, तर कायद्याच्या दृष्टीने ते बिलच नव्हे.

३. तीन कागद जुळले पाहिजेत

आता महत्त्वाचा मुद्दा. आयआरएन मिळाला म्हणजे बिल नोंदले गेले, एवढेच सिद्ध होते. माल आला का, वजनात भरला का, दर ठरल्याप्रमाणे लावला का, हे पोर्टलला काय माहीत? ते आपल्याच माणसांनी बघायचे.

त्यासाठी तीन कागद लागतात. पहिला खरेदी विभागाची ऑर्डर : कोणता माल, किती, काय दराने. दुसरा स्टोअरची पोच : प्रत्यक्ष किती आला, कसा आला. तिसरे बिल. आपल्या उसाच्या बाबतीत ऊस नोंद, वजनपावती आणि बिल यांचे जे नाते, तेच इथे. तिन्ही जुळल्याशिवाय बिल पुढे सरकता कामा नये.

उदाहरण म्हणून धरा, ४०० पोती खताची ऑर्डर होती. ई-बिल ४०० पोत्यांचे आले, क्यूआर तपासला, बिनचूक निघाला. गाडी खाली केली तेव्हा ३८८ पोती चांगली आणि १२ फाटून भिजलेली. स्टोअरकीपरने पोचपावतीवर ३८८ लिहिले तरच पुढचा हिशेब बरोबर होईल. त्याने घाईत ४०० वर सही केली, तर सगळे संगणक मिळूनही ती १२ पोती परत आणू शकत नाहीत.

४. कराची जमा कशी बुडते?

मिलचे १० लाखांचे सुटे भाग घेतले तर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार जीएसटी लागतो. साखर विकताना कारखान्याला जो कर भरावा लागतो, त्यातून ही रक्कम वळती करून घेता येते. तिला इनपुट क्रेडिट, म्हणजे कराची जमा म्हणतात. पण ती आपोआप मिळत नाही. हातात पक्के बिल हवे, माल पोचलेला हवा, पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेले हवे आणि कर सरकारात भरलेला हवा.

पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा उतारा दर महिन्याच्या १४ तारखेला कारखान्याच्या जीएसटी खात्यात उतरतो. त्याला जीएसटीआर-२बी म्हणतात. १ जानेवारी २०२२ पासून, जे बिल या उताऱ्यात नाही त्याची जमा घेता येत नाही. ई-बिल पुरवठादाराच्या विवरणपत्रात आपोआप उतरते, हा त्याचा मोठा फायदा. पण ते विवरणपत्र भरायचे काम त्याचेच राहते. छोटा पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरत असेल तर जमा उशिरा दिसू शकते.

शिवाय १४ ऑक्टोबर २०२४ पासून आलेले प्रत्येक बिल मान्य, नामंजूर किंवा प्रलंबित असे ठरवण्याची सोय पोर्टलवर झाली आहे. इथे एक मेख आहे. बिलाकडे कोणी बघितलेच नाही तर ते मान्य धरले जाते! म्हणून हिशेब विभागाने उतारा आणि स्टोअरची पोच दर महिन्याला ताडून पाहिली पाहिजे.

हिशेब टनावर मांडून बघा. सहा लाख टन गाळप करणाऱ्या एखाद्या कारखान्याची १८ लाखांची जमा बुडाली, तर टनामागे ३ रुपये गेले. एक कोटीच्या खरेदीवरचा १८ टक्के कर म्हणजेच १८ लाख.

५. चूक सापडली तर

ई-बिल २४ तासांच्या आत पोर्टलवर रद्द करता येते. त्यानंतर नाही. मग पुरवठादाराने कमी आलेल्या मालाची क्रेडिट नोट द्यायची आणि सक्ती असेल तर तिचीही नोंदणी करायची. फोनवर “पुढच्या बिलात वळते करू” हे चालवून घेऊ नये.

६. पैसे वेळेवर

तपासणी कडक असावी, पण तिच्या नावाखाली बिल दाबून ठेवू नये. उसाच्या पैशाला १४ दिवसांची अट आहे, तशी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बिलालाही मुदत आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. कोणत्याही पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे गेले नाहीत तर घेतलेली कराची जमाही व्याजासह परत करावी लागते. पैसे दिल्यावरच ती पुन्हा मिळते.

७. सभासदांनी ध्यानात धरावे

(अ) आपल्या उसावर जीएसटी नाही. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नंबर किंवा ई-बिल लागत नाही. कोणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नयेत.

(आ) ई-बिल व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतले आहे. कृषी सेवा केंद्रातून घरच्या शेतासाठी खत घेताना आयआरएन मागू नका. पक्के बिल मात्र जरूर घ्या.

(इ) ज्यांच्या मुलांचे वर्कशॉप किंवा दुकान कारखान्याला माल पुरवते, त्यांनी बिलावर ऑर्डर नंबर घालावा, माल बिलासोबतच पोचवावा आणि विवरणपत्र वेळेवर भरावे. असे बिल लवकर निघते.

(ई) वार्षिक सभेला अहवाल चाळताना येणे जीएसटीची रक्कम बघा. किती जमा अडकली, कोणत्या कारणाने आणि किती दिवसांपासून, हे जरूर विचारा. पुढच्या वर्षाच्या ३० नोव्हेंबरनंतर मागील वर्षाच्या बिलाची जमा घेता येत नाही, म्हणून हा प्रश्न वेळेत विचारला तरच उपयोगाचा.